कान पिकतोच म्हणे

कानाला भोक पाडलं आणि ते चिघळलं, यावर कुणी लिहायला बसतं का, असं माझ्या नवऱ्यानं, सुनीलनी, मला विचारलं. बसतं. त्या दुखण्यात मी दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर गेले आणि उजव्या कानाचा वरचा काठ गमावून आले. तरी आमच्या ओळखीतल्या एकाही माणसानं आजवर "तू आजारी होतीस" असं म्हटलेलं नाही. मोटारसायकलवरून पडून हात मोडून घेतलेला दीर आजारी असतो. तंबाखू खाऊन खाऊन तोंड उघडेनासं झालेले काका आजारी असतात, त्यांना बघायला लोक फळं घेऊन येतात. बाईनं कान टोचला आणि तो सडला, तर तिनं हौस केलेली असते. हौसेच्या दुखण्याला फळं आणत नाहीत.

हा राग मी बरेच महिने गिळून होते. आता लिहिते आहे, कारण लग्नसराई तोंडावर आली आहे. बुऱ्हाणपुरातल्या कितीतरी पोरी वरचा कान टोचून घेतील, आणि दुखायला लागल्यावर त्यांनाही घरी तेच सांगतील जे मला सांगितलं.

*

सुरुवात बुगडीपासून झाली. माझी नणंद पूनम, तिचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी कपाटातून आपल्या बुगड्या काढल्या. बुगडी वरच्या कानात घालतात, आणि माझ्या वरच्या कानाला भोक नव्हतं. सासूबाईंचे कान लहानपणीच दापोरा गावच्या सोनारानं सुईनं टोचून त्यात सोन्याची तार घातली होती. त्या म्हणाल्या, "तू टोचून घे. तुले शोभीन." जबरदस्ती कुणी केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. मलाच ती बुगडी हवी होती. आरशासमोर कानाशी धरून बघितली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते. पस्तिशी उलटलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईनं स्वतःवर खूश होऊ नये असं कुठे लिहिलं आहे, ते मला कुणीतरी दाखवावं.

सोनाराकडे हल्ली कोण जातं? मी शनवारा चौकाजवळच्या एका पार्लरमध्ये गेले. तिथे मशीननं टोचतात. माझ्या आधी एक मुलगी कानाची पाळी टोचून गेली होती. पार्लरवालीनं त्याच मशीनला कापसाचा बोळा फिरवला, माझ्या वरच्या कानाला लावलं आणि दाबलं. खट्ट झालं. पाळी टोचताना दुखलं होतं त्यापेक्षा हे दुखणं वेगळं होतं, हाडात गेल्यासारखं. मी तसं म्हटलं, तर ती हसून म्हणाली, "दीदी, ऊपर का थोडा हार्ड रहता है. दिन में दो-चार बार घुमाते रहना, नहीं तो चिपक जाएगा." एवढाच तिचा सल्ला. पाळी म्हणजे मऊ मांस आणि वरचा कान म्हणजे कूर्चा, दोन्हीला एकच माप लावायचं नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. लोकांच्या अंगाला भोकं पाडायचा धंदा करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावं, आणि कुणी विचारूही नये!

घरी आल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं. मी सांगितल्याप्रमाणे रोज मशीननं बसवलेला तो खडा फिरवत राहिले. जखमेत रोज खिळा फिरवायचा, असं सरळ शब्दांत कुणी सांगितलं असतं तर मी फिरवला असता का?

*

चार-पाच दिवसांनी कान गरम लागायला लागला. मग ठणकायला लागला. उशीवर त्या कुशीला डोकं टेकवता येईना. सासूबाईंना दाखवला तर त्यांनी लांबूनच पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अवं, टोचलं म्हणजे कान पिकतोच. पिकू दे. पिकल्याबिगर उतरत नाही."

सगळा घोळ या एका शब्दानं केला आहे, आणि त्याच्याबद्दल मला जरा बोलू द्या.

आमच्या घरात पिकणं हा आनंदाचा शब्द आहे. शाहपूर रस्त्यावर सुनीलचं केळी पिकवायचं चेंबर आहे. दापोरा, शाहपूरकडचे हिरवेगार घड तिथे येतात, थंड खोलीत क्रेटमध्ये लागतात, वर गॅस सोडला जातो, आणि काही दिवसांत पिवळे होऊन बाहेर पडतात. घरात फोन वाजला की पहिला प्रश्न "पिकला का माल?" हाच. हो म्हटलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे खुलतात. पिकलं म्हणजे झालं, पिकलं म्हणजे आता थोडंच राहिलं. अशा घरात "कान पिकला" म्हटल्यावर कोण घाबरणार? आणि आमच्या गावात हिंदीही तेच बोलते. शाळेच्या स्टाफरूममध्ये मैत्रीण म्हणाली, "पक गया ना? अच्छा है, अब जल्दी ठीक होगा." सूज, पू, ठणका, जळजळ या सगळ्यावर एकच गोड शब्द घातला की काळजीच संपली. मलाही तो पटला होता, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पिकायला मदत म्हणून उपाय सुरू झाले. हळद आणि खोबरेल तेल गरम करून लावलं. सासूबाईंनी खडा काढून त्या जागी कडुलिंबाची काडी घातली, कारण लहानपणी त्यांचा कान पिकला तेव्हा तसंच केलं होतं. समोरच्या काकूंनी शेकायला सांगितलं, म्हणून मी गरम तव्यावरच्या फडक्यानं शेकला. कान टम्म फुगला. त्याच्या वळ्या नाहीशा झाल्या, वरचा अर्धा भाग लालबुंद गुळगुळीत झाला. पाळी मात्र तशीच, दुसऱ्या कुणाच्या कानाची असावी तशी.

*

मग मी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचं नाव सांगत नाही. भला माणूस आहे, गर्दी असते त्यांच्याकडे. त्यांनी टेबलापलीकडून मान जरा वाकडी करून पाहिलं. मला केस बाजूला करायलाही सांगितलं नाही. "कान टोचला होता? हां. पिकलाय. अजून जरा पिकू द्या, आपोआप फुटेल." गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शिकलेल्या माणसानंही तोच शब्द वापरला, तेव्हा मला बाहेर येऊन पायरीवर बसावंसं वाटलं. घरातली बाई म्हणते ते अज्ञान, आणि तेच डॉक्टर म्हणतो ते निदान, असं असतं का?

गोळ्यांनी काही झालं नाही. ताप भरला. शाळेत रजा मागितली तर मुख्याध्यापकांनी कशासाठी म्हणून विचारलं, मी कान म्हटलं. ते म्हणाले की ही तर शौकाची गोष्ट झाली, मेडिकल कशी देणार? मी त्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढला आणि तिसरी बाजू काढताना फळ्याला हात टेकून उभी राहिले. मुलांना कळलं होतं काहीतरी.

घरी रात्री जेवताना मी सुनीलना म्हटलं, जळगावला दाखवू या का. ते फोनवर गाड्यांच्या वेळा बघत होते. म्हणाले, "लग्न तोंडावर, माल सुटून राहिला. दोन दिवस बघ. आईनं सांगितलं ना, पिकीन आणि उतरीन." त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं नाही. ताटाकडेही पाहिलं नाही, हे खरं आहे. पण ताट आजारी नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता स्कूटी शाहपूर रस्त्याला घातली. ओढणी डोक्यावरून गुंडाळलेली, वारा लागला तरी कानात कळ जायची. चेंबरवर सुनील माल बघत होते. क्रेटमधून केळ्यांची फणी उचलायची, देठ बघायचा, अंगठ्यानं हलकं दाबायचं, नाकाशी न्यायची. हे त्यांचं काम मी लग्न झाल्यापासून बघते आहे, आणि खरं सांगते, त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एक फणी त्यांनी नाकाशी नेली आणि तशीच बाजूला टाकली. कामावरच्या माणसाला म्हणाले, "याचा डेठ काळा पडला. हे क्रेट अलग ठेव, नाहीतर बाकीचा माल खराब करीन."

मी ओढणी सोडली. केस एका हातानं वर धरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आता माझ्याकडे बघा," मी म्हणाले. "हे केळं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

कामावरची माणसं थांबली. सुनील आधी चिडले, इथे कशाला तमाशा म्हणून त्यांनी माझा हात धरला. मग त्यांचं लक्ष गेलं. ते जवळ आले. नेहमीच्या सवयीनं त्यांनी मान पुढे केली, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला. इतके दिवस एका छपराखाली राहून त्या माणसानं पहिल्यांदा माझ्या कानाकडे त्याच्या कामाच्या नजरेनं पाहिलं.

"हे पिकलेलं नाही," ते म्हणाले. "हे सडून राहिलं." आणि गाडी काढायला सांगितली.

त्या क्षणी मला त्यांचा आधार वाटला, आणि रागही इतका आला की जळगावच्या वाटेवर रावेर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. एका फणीला जेवढी तपासणी मिळते तेवढी बायकोच्या कानाला मिळायला, बायकोला चेंबरपर्यंत यावं लागलं.

*

जळगावच्या कानाच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी हात धुतले, हातमोजे घातले, दिवा जवळ ओढला आणि कानाला बोट लावायच्या आधी मला विचारलं, "लावू का?" तेवढ्या विचारण्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आधीच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांनी बोटच लावलं नव्हतं.

त्यांनी सरळ सांगितलं. वरच्या कानातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या कातडीसारख्या पापुद्र्यातून तिला रक्त मिळतं. मध्ये पू साचला की तो पापुद्रा सुटतो आणि कूर्चा उपाशी मरते. मेलेली कूर्चा परत येत नाही. आज पू काढायचा, आणि आत काय शिल्लक आहे ते उघडल्यावर कळेल. मी विचारलं, कानाचा आकार राहील का. त्या म्हणाल्या, "खोटं सांगत नाही. आठवडाभर आधी आला असतात तर राहिला असता." सुनील खाली बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते.

वॉर्डातले दिवस मला सलाईनच्या बाटल्यांनी आठवतात. पहाटे झाडू मारायला येणारी बाई, मग इंजेक्शन, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी आली की तिच्या चाकाचा आवाज ऐकून माझी बोटं पलंगाची कड घट्ट धरून बसायची. डोक्याभोवती पागोट्याएवढी पट्टी होती. भेटायला येणारे दारातूनच घाबरायचे आणि काय झालं ते ऐकलं की त्यांची भीती जायची. "कान टोचल्यानं? एवढंच?" असं म्हणून ते बसायचे आणि लग्नाच्या पत्रिकेबद्दल बोलायचे. एक मामेसासरे तर म्हणाले की हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. त्या म्हणीचा असा उपयोग मी पहिल्यांदाच ऐकला. पट्टीमुळे ऐकू येत नाही असं दाखवून मी भिंतीकडे तोंड केलं.

पहिल्या ऑपरेशननंतर पू पुन्हा साचला, म्हणून दुसरं झालं. त्यात मेलेला भाग काढून टाकला. मला भूल उतरल्यावर कळलं. नर्सनं पट्टी बदलताना मी मोबाईलचा कॅमेरा कानाकडे केला, आणि लगेच बंद केला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर माझ्या रागावर मीच अन्याय करीन. सासूबाई वॉर्डात माझ्याजवळ राहिल्या. लग्नाचं घर सोडून राहिल्या. माझ्या केसांचा पट्टीखाली पार गुंता झाला होता, पू आणि औषधानं चिकटलेले. त्यांनी एक सकाळ सगळी त्या गुंत्याला दिली. बोटांवर तेल घेऊन, एकेक बट वेगळी करत, त्या कानाच्या आसपासही हात जाऊ न देता. विंचरताना दोनदा त्यांचा हात थांबला. मला त्यांची कीव आली, आणि मग वाटलं, ही कीव मला त्यांची का यावी? दुखतंय कुणाला?

*

लग्नाला मी गेले. डोक्यावर पदर, पदराखाली छोटी पट्टी. दारात पाहुण्यांनी विचारलं की सासूबाई पुढे होऊन म्हणायच्या, डोकं दुखतं तिचं, मायग्रेन आहे. मायग्रेन चालतो. मायग्रेन झाला तर लोक च्‌ च्‌ करतात, पाणी आणून देतात. मी त्यांना बाजूला नेऊन विचारलं, कान का म्हणत नाही? त्या म्हणाल्या, लोक हसतीन. म्हणजे मी तोंडावर हसू ठेवून मायग्रेनचं सोंग करत फेऱ्यांना उभी राहिले, कारण माझं खरं दुखणं कुणाला सांगायच्या लायकीचं नव्हतं. पूनम गोड दिसत होती. तिच्या वरच्या कानात बुगडी नव्हती, आणि ती घालावी असं कुणी तिला सुचवलं नाही, एवढं बरं झालं.

*

तर ज्या बाया हे वाचत असतील त्यांच्यासाठी, डॉक्टर बाईंनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत.

टोचायचंच असेल तर टोचा. हौस वाईट नाही. पण वरचा कान मशीननं टोचू देऊ नका. नव्या, निर्जंतुक सुईनं, हातमोजे घालून टोचणारा माणूस शोधा. नाही मिळाला तर बुगडी कपाटातच राहू द्या. घरी आल्यावर हात धुतल्याशिवाय कानाला हात लावू नका. खडा फिरवू नका, कुणी कितीही सांगो. तेल नाही, हळद नाही, काडी नाही. मिठाचं निर्जंतुक पाणी मेडिकलमध्ये मिळतं, त्यानं स्वच्छ करा आणि सोडून द्या. वरच्या कानाची जखम पाळीसारखी पटकन भरत नाही, कित्येक महिने लागतात. आणि तो लाल झाला, गरम झाला, फुगला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. घरात कुणी "पिकतोच" म्हणालं, तर त्यांचं ऐकून घ्या आणि चपला घाला. डॉक्टरनं टेबलापलीकडून पाहिलं, तर स्वतः केस वर करा आणि म्हणा, उठून बघा.

मी त्या पार्लरमध्येही जाऊन आले. पार्लरवाली म्हणाली की तिच्याकडे एवढ्या जणींनी टोचून घेतलं, कुणालाच काही झालं नाही, माझीच स्किन सेन्सिटिव्ह असेल. आमच्या घरच्या डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, असं क्वचित होतं. माझ्या बाबतीत ते अख्खं झालं, हे त्यांना सांगायला मी पुन्हा केस वर केले. त्या वेळी त्यांनी पाहिलं.

*

आता माझा उजवा कान वरून खचलेला आहे. काठ नाही, एक चुरगळलेली कातडी आहे, आणि चष्मा त्या बाजूला जरा खाली बसतो. मागच्या महिन्यात इंदूरला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की बरगडीची थोडी कूर्चा काढून नवा काठ उभा करता येईल. आधीसारखा हुबेहूब नाही होणार, पण कान कानासारखा दिसेल. मी तारीख घेऊन आले.

घरी सांगितलं तेव्हा जेवणं चालू होती. सुनील म्हणाले, छाती चिरायची गोष्ट आहे, नीट विचार कर. दीर म्हणाला, वहिनी, ही तर आता प्योर हौस झाली. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. काळजीच होती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

"कायले पुन्हा चिरफाड?" त्या म्हणाल्या. "केसाखाली झाकलं जाते. कोण बघून राहिलं तुह्या कानाकडे?"

"मी," मी म्हणाले. "रोज सकाळी आरशात. मी बघते, आई."